चैत्रातलं पाणी

"काका, हा तुमचा पीयूष व्हय ना?" म्हणत मुकेशनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. चहा गाळता गाळता ओल्या बोटांनी धरलेला, काचेवर दुधाचा थेंब. त्या थेंबामागं माझा मुलगा उभा होता. गळ्यात टाय. समोर माइक, वर पत्र्याचं छत, भिंतीवर क्रूस, आणि तो इंग्रजीतून माझ्याबद्दल बोलत होता. माय फादर, माय फादर, असं चारदा झालं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजीनंच मला वावरात परत पाठवलं. बोलता येत नाही, पण ऐकलेलं समजतं. तो म्हणत होता की माझे वडील भाजीपाला पिकवणारे साधे शेतकरी आहेत, वर्षातून एकदा, सणाच्या दुसऱ्या दिवशी, गावादेखत पत्ते खेळतात, आमच्याकडे तशी रीतच आहे, आणि आजवर माझ्या वडिलांनी पत्त्यांत काहीसुद्धा गमावलेलं नाही. उघड्यावर खेळणारा म्हणे मर्यादेत खेळतो, दार लावून खेळणाराच बुडतो. यावर तिथल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातून चहा वगैरे काही सांडला नाही. "हाव, तोच व्हय," मी मुकेशला म्हणालो, "आन साखर कमी टाकत जा रे."

देश म्हणे तो! नाव सांगून काय करता, नकाशात शोधायला चष्म्यावर चष्मा लावावा लागेल. आमच्या तालुक्यात ठेवला तर अर्धा तालुका शिल्लक उरेल. पण तोरा केवढा. झेंडा आहे, मंत्री आहेत, मंत्र्यांना गाड्या आहेत आणि त्या गाड्यांना जायला एकच रस्ता आहे, जो समुद्रापाशी संपतो. तिथल्या एका मोठ्या हॉटेलात पीयूष तीन वर्षांपासून काम करतो. आधी भांडी, मग वाढपी. आता त्या हॉटेलवाल्याला जुगारखाना काढायचाय, आणि तिथल्या कायद्यात जुगाराला बंदी आहे. म्हणून जनसुनावणी. रोज एका शाळेत नाहीतर चर्चमध्ये खुर्च्या मांडायच्या, तीन जणांची समिती पंख्याखाली बसवायची आणि येईल त्याला बोलू द्यायचं. हॉटेलवाला म्हणतो रोजगार येईल. पाद्री म्हणतो सैतान येईल. मंत्री म्हणतो दोघांचंही ऐकून घेऊ, म्हणजे त्याचं ठरलेलं आहे. आणि हे सगळं तासन्‌तास मोबाइलवर दाखवायचं. मी गेले चार दिवस पाहतोय. कशासाठी पाहतो? पीयूषनं लिंक पाठवली म्हणून. कायदा पास झाला तर हॉटेलवाला त्याला पत्त्यांच्या टेबलावर उभा करणार आणि तिथं राहायचा कायमचा परवाना काढून देणार. नाही झाला तर दोन महिन्यांनी त्याचा परवाना संपतो आणि तो घरी येतो. माझा मुलगा पत्ते वाटणार, आणि त्यासाठी एका देशाचा कायदा बदलायचा!

मुकेशच्या ठेल्यावर बसणाऱ्या ताराचंदला हे कळल्यापासून तर आमच्या कॉलनीतही जनसुनावणी सुरू झाली. ताराचंद किराणावाला, दुकान पोराच्या, प्रफुलच्या, हाती दिलं आणि स्वतः देशाचा विचार करायला मोकळा झाला. "परवानगी द्यालेच पाह्यजे," तो म्हणाला. "सरकारले टॅक्स भेटते. आपल्याच जिल्ह्याचं पाहा ना, दारू बंद आहे का नाई? आन फोन केला का घरपोच येते. बंदी म्हणजे काय, भाव वाढवाचा धंदा." त्याच्या शेजारचे निवृत्त तलाठी लगेच म्हणाले, "नीतीचा प्रश्न आहे, शेटजी, नीतीचा." नीती! या तलाठ्याच्या सहीनं आमच्या अर्ध्या शिवाराचे प्लॉट पडले. आणि हेच दोघं पोळ्याच्या कराला सकाळी सातपासून पत्ते घेऊन मारुतीच्या पारावर मांडी ठोकून बसायचे, ते दिवेलागणीलाच उठायचे. एकाला सुद्धा ते आठवेना. "बापूराव, तुमचं काय म्हनणं आहे? तुमाले तर खेळाचा अनुभव आहे," ताराचंद डोळा बारीक करून म्हणाला. मी म्हणालो, "माझं म्हणणं असं की तुमी दोघंबी भैताड आहा." सगळे हसले. मला हसवायचं नव्हतं. शिवीचीही या लोकांना करमणूक होते, आता काय बोलावं.

कर म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. बैलांचा सण झाला, पुरणपोळी पचली, पाऊस लागलेला, वावरात पाय घालता येत नाही, मग माणसानं काय करायचं? कराच्या दिवशी जो पत्ते खेळत नाही तो पुढल्या जन्मी गाढव होतो, असं माझा बाप सांगायचा आणि त्याचा बाप त्याला. गाढव होऊ नये म्हणून अख्खं गाव गाढवासारखं वागायचं. पोलीससुद्धा त्या दिवशी रस्ता बदलून जात. पीयूष अकरा वर्षांचा झाला तेव्हा मी त्याला शेजारी बसवलं. त्याची बोटं लांब, त्याच्या मायची. पहिल्यांदा गड्डी पिसली तीच अशी की तानबा, आमच्यातला सगळ्यात जुना खेळणारा, म्हणाला, "बापू, पोट्ट्याच्या हाताले पत्ता चिकटत नाई रे!" माझी छाती फुगली. पहिल्या नंबरानं पास झाला असता तर फुगली नसती इतकी. दिवसभर तोच पत्ते वाटत होता आणि दुपारपर्यंत मी जिंकत होतो, आणि जिंकणाऱ्या माणसाइतका निर्बुद्ध प्राणी दुसरा नाही. दुपारनंतर फासे पालटले तसे खिसे रिकामे झाले. समोर होता गुलाब, माझ्या धुऱ्याला लागून त्याचं वावर, दोघांत एक विहीर. एक दिवस पाणी त्याचं, एक दिवस माझं, अशी बापजाद्यांपासूनची पाळी. गुलाब हसत म्हणाला, "पैसे नाई त राहू दे. चैताची पाळी लाव." पाऊस धो धो पडत होता. विहीर काठोकाठ, वाकून लोट्यानं पाणी घ्यावं अशी. अशा वेळी चैत्रातलं पाणी म्हणजे काय असतं? काहीच नसतं. हवा असते. मी म्हणालो, "लावली! पुरा महिना लावली!" माझ्याकडे एक्क्यांची जोडी होती. गुलाबनं तीन सत्त्या टाकल्या. पत्ते पीयूषनंच वाटले होते. सगळे हसले, मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो, आणि भिजत भिजत बापलेक घरी आलो.

मला वाटलं गुलाब विसरेल. शहाण्या माणसाला जे मागायची लाज वाटावी ते कुणी मागत नाही, असा माझा समज. गुलाब विसरला नाही. चैत्र लागला त्या सकाळी त्यानं येऊन आमच्या मोटरीच्या पेटीला कुलूप लावलं आणि म्हणाला, "बोलीचं आहे, बापू. राग नको मानजो." पाच माणसांपुढं बोललेला शब्द, काय करता? वावरात तेव्हा वांगी, मिरची आणि एका पट्ट्यात सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. घरी रंभाला काय सांगायचं? पत्त्यांत पाणी हरलो, हे बायकोला सांगण्यापेक्षा विहिरीत उडी बरी, पण विहिरीवरही आता गुलाबचाच हक्क. मी पीयूषला बाजूला घेतलं. म्हणालो, "मायले जाऊन सांग, मोटर जळाली. कोनं जाळली म्हनलं तर म्हन, मी चालूच ठेवली, कोरडी फिरली." तो माझ्याकडे पाहत राहिला. "बाबा, मोटर त चांगली आहे." मी म्हणालो, "मले माहीत आहे चांगली आहे. जा." तो गेला. मी बाहेर बाभळीखाली उभा राहून ऐकत होतो. रंभाला राग लवकर येत नाही, पण पिकाच्या बाबतीत ती कुणाची नाही. तिनं त्याला तुरीच्या वाळक्या तुराटीनं मारलं. किती मारलं ते मी मोजलं नाही, मी बिडी पेटवत होतो. एकदाही त्याच्या तोंडून माझं नाव निघालं नाही. त्या दिवशी मला वाटलं, पोरगा हुशार निघाला! खरंच असंच वाटलं मला. थू.

मोटर दुरुस्तीला पैसे नाहीत, असं मी सांगितलं. मग महिनाभर रंभा सरकारी बोअरवरून डोक्यावर हंड्याएवढा गुंड आणि हातात बादली घेऊन वावरात पाणी नेत राहिली. मी पण नेलं, नाही असं नाही, पण पुरुषाच्या डोक्यावर गुंड शोभत नाही म्हणून संध्याकाळी, कमी. गुलाबची मोटर एक दिवस मागून पाहा म्हणाली, तर मी सांगितलं की तो नाही म्हणतो, लय कंजूष माणूस आहे. तेव्हापासून ती गुलाबच्या बायकोशी, वच्छलाबाईशी बोलत नाही. हळदीकुंकवाला समोरासमोर आल्या तरी बोलत नाही. शेवटच्या आठवड्यात बांधावरून उतरताना तिच्या कमरेत काहीतरी सरकलं, ते आजतागायत जाग्यावर आलं नाही. पट्टा बांधल्याशिवाय उभं राहवत नाही. बाजारात सगळ्या बायका पोत्यावर बसतात, ही भाजीच्या उलट्या कॅरेटवर बसते, आणि येणारंजाणारं गिऱ्हाईक म्हणतं, मावशीचा थाट पाहा. पुढं गुलाबनं वावर लेआउटला विकलं, विहीर बुजवली, आता त्या जागेवर कुणाचा तरी बंगला आहे आणि बंगल्याच्या गच्चीवर हत्तीएवढी पाण्याची टाकी. माझी पावणेदोन एकर तेवढी घरांच्या मध्ये अडकून राहिली. कराला मी अजूनही बसतो, रंभा समजते तो लाह्या-फुटाण्यांवरचा खेळ आहे.

मुकेशनं ते भाषण दाखवलं त्याच दिवशी दुपारी पीयूषचा फोन आला. रंभा बाजारात होती. "बाबा, पाह्यलं काय?" म्हणाला. मी म्हणालो, "पाह्यलं. टाय लय आवळला होता." तो हसला नाही. म्हणाला, त्याच्या भाषणानंतर एक म्हातारी उठली. कोळीण, नवरा पत्त्यांत होडी हरला होता. ती समितीला म्हणाली, या पोराचा बाप म्हणे कधी काही हरला नाही. असा माणूस मी जन्मात पाहिला नाही, मला दाखवा. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग समितीचा अध्यक्ष म्हणाला, ठीक आहे, उद्या त्या वडिलांनाच फोनवर विचारू. काय देश आहे! कायदा करायला बसलेत आणि साक्षीला आमच्या पिपरी मेघेचा वांगीवाला! "त्यायले इंग्रजी पाह्यजे, तुमाले येत नाई, मी मधात सांगन," पीयूष म्हणाला. "तुमी फक्त म्हणजा का कई काई हरलो नाई. मॅनेजर समोर बसून राह्यते बाबा, माझं सारं याच्यावर आहे." मी म्हणालो, "पत्तेच वाटाचे होते त एवढ्या दूर काऊन गेला? इथं पार होता ना." तो हळूच म्हणाला, "बाबा, मायले नका बसवू फोनपाशी." मी विचारलं का, तरी मला माहीत होतं का. "असंच," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ. त्यांचं घड्याळ आपल्यापुढं साडेसहा तास, तिथं ऊन उतरत आलं होतं. रंभाला मी सांगितलं होतं की सांबाराच्या जुड्या बांधून ठेव, मी येतो. मोबाइल पाण्याच्या माठाला टेकवला. इस्त्रीचा सदरा घातला, तेवढ्यासाठी स्वतःचीच कीव आली. मग ते चर्च, ते पंखे, ते तिघं, आणि एका कोपऱ्यात पीयूष माइक घेऊन, तोच टाय. पहिल्या रांगेत ती म्हातारी, फुलाफुलांचा झगा, हात मांडीवर. अध्यक्ष जाडा, घाम पुसत बोलला. भारतातल्या शेतकऱ्याचं स्वागत वगैरे झालं. मला हसू येत होतं. ही सभ्यता, ही पाण्याची बाटली, ही नावाची पाटी! कुणी सैतान आणतंय, कुणी टॅक्स, आणि सगळ्यांना ठाऊक की हॉटेलचं बांधकाम सुरू झालेलं आहे. मग त्यानं विचारलं आणि पीयूषनं मराठीत केलं, "बाबा, हे विचारून राह्यले का तुमच्या खेळानं घरच्यायचं कई काई नुसकान झालं काय?" आणि डोळ्यांनी म्हणाला, नाही म्हणा. त्याच वेळी मागच्या दारात सावली आली. रंभा. एका हातात सांबार, दुसरा हात कमरेच्या पट्ट्यावर. फोनच्या मागं उभी, तिकडून दिसणार नाही अशी. मी थांबवू शकत होतो. जा म्हणू शकत होतो. पण त्या म्हाताऱ्या कोळिणीकडे पाहून, का रंभाच्या हाताकडे पाहून, माझ्या तोंडून सुटलंच. "झालं," मी म्हणालो. "मी चैताचं पाणी हरलो. पुरा महिना. गुलाबनं पेटीले कुलूप लावलं. मोटर जळालीच नवती. तुले मीच खोटं सांगाले लावलं, तुनं मार खाल्ला. तुया मायनं डोक्यावर पाणी नेलं आन तिची कंबर गेली. हे झालं नुसकान. सांग त्यायले."

पीयूष पापणी न हलवता ऐकत होता. सगळं चर्च वाट पाहत होतं. मग तो माइककडे वळला आणि स्वच्छ, गोड आवाजात म्हणाला, "नो सर. नेव्हर. ही सेज, इट इज ओन्ली अवर फेस्टिव्हल." लोक हसले. टाळ्या. मॅनेजर असावा तो, एका माणसानं मान डोलावली. पण म्हातारी हसली नाही. भाषा कळली नसेल, पण एवढं लांब बोललेल्याचं एवढंसं कसं होतं, ते तिला कळत होतं. ती काहीतरी म्हणाली, आणि अध्यक्ष सरळ माझ्याकडे पाहून म्हणाला, "इज दॅट करेक्ट, सर?" एवढं इंग्रजी मला येतं. नो म्हणायला किती इंग्रजी लागतं? एक अक्षर. पीयूष माझ्याकडे पाहत होता, अकरा वर्षांचा असताना पाहत राहिला होता तसाच, मोटर त चांगली आहे म्हणत. "येस," मी म्हणालो. "येस सर." म्हातारी उठून गेली. माझे आभार मानण्यात आले, आणि फोन बंद झाला.

चार दिवस मी त्या देशाला हसत होतो. रंभा आत आली, कॅरेट ओढून त्यावर बसली. सांबार मांडीवर. बराच वेळ एकेक काडी सारखी करत राहिली. "कोन्या सालचं म्हणता?" ती म्हणाली. मी म्हणालो, "तुले माहीत आहे कोन्या." ती म्हणाली, "वच्छलाबाई मयतीले आली होती माझ्या भावाच्या. म्या तिच्या हातचं पाणी नाई घेतलं." मग पुन्हा काड्या. मी वाट पाहत होतो, शिवी देईल, कॅरेट फेकून मारेल, काहीतरी. ती म्हणाली, "तुराटी तुटली होती. मग दुसरी घेतली होती म्या." आणि हात पुढं करून म्हणाली, "लावा त्याले फोन." मी म्हणालो, आता तो तिथं लोकांत असेल. "लावा म्हनते ना." मी लावला, तिच्या हातात दिला. तिनं आवाज मोठा केला. पलीकडं गलका, कुणीतरी पीयूषला शाबासकी देत होतं, मग तो बाहेर आला असावा, समुद्राचा आवाज आला. "हाव माय, बोल," तो म्हणाला, आनंदात होता. "जेवली काय?"

"पीयूष," रंभा म्हणाली, "खरं सांगजो बाप्पा. तवा मोटर कोनं जाळली होती?"

समुद्र ऐकू येत होता. मी डोळे मिटून घेतले.

"मीच, माय," तो म्हणाला. "मीच चालू ठेवली होती. काऊन वं, आज कसं आठवलं?"